राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा रिव्ह्यू, वाळवा तालुक्यातल्या एका गिऱ्हाईकाकडून

लोक मोबाईलचे रिव्ह्यू लिहितात, मिसळीचे लिहितात, गणपतीपुळ्याच्या लॉजचे लिहितात, पण ज्यांनी काढलेलं वाण आपण वर्षानुवर्षं रानात पेरतोय त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी खरडत नाही. म्हणून हा खटाटोप. विषय महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी. मी तिथं शिकलेलो नाही, माझा कुणी पाहुणा तिथं नोकरीला नाही, मी निव्वळ गिऱ्हाईक. वाळवा तालुक्यात नदीच्या अंगाला थोडं रान आहे, त्यात ऊस आणि सोयाबीन, आणि सासुरवाडी जत तालुक्यात, तिथं ज्वारी आणि डाळिंब, त्यामुळं पाण्यात बुडणारं रान आणि पाण्यासाठी तरसणारं रान दोन्ही घरचीच.

मत आधीच सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्यानं इथंच थांबावं. माल एक नंबर, जाहिरात शून्य, आणि माल दारात येत नाही, आपणच जाऊन उचलायचा असतोय. ज्याला हे जमतंय त्याचा फायदा, बाकीचे दुकानदार देईल ते घेऊन येतात.

आता पत्त्याचा घोळ. आमच्याकडं विद्यापीठ म्हटलं की लोकांना राहुरी आठवते, म्हणजे शिर्डी-शिंगणापूरच्या ट्रिपला जाताना नगर-मनमाड रोडला लागणारा तो मोठा पसारा, आणि एवढ्या लांब कोण जातंय मरायला असं म्हणून विषय बंद होतो. पण या विद्यापीठाकडं दहा जिल्हे आहेत, नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार, आणि त्यांची संशोधन केंद्रं या सगळ्या भागात पसरलेली आहेत. सांगलीच्या शेजारी कसबे डिग्रजला सोयाबीन आणि हळद. फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस, ते तर १९३२ पासूनचं, म्हणजे विद्यापीठाच्या कितीतरी आधीचं. साताऱ्याजवळ बोरगावला कृषी विज्ञान केंद्र. कराडला कृषी महाविद्यालय. आणि महाबळेश्वरला, जिथं आपण स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन फोटो काढून परत येतो, तिथं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, हे किती जणांना माहीत आहे? गेरवा म्हणजे गव्हाचा तांबेरा, त्याला थंड दमट हवा मानवते, मग त्याच्यासमोर गव्हाची वाणं उभी करून कुठलं टिकतंय आणि कुठलं झोपतंय ते बघायला महाबळेश्वरइतकी चांगली जागा कुठली. आपण थंड हवा खायला जातो, ही माणसं रोग वाढवायला जातात.

माझा सगळ्यात जास्त संबंध डिग्रजशी, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितो.

आमच्या नदीकाठच्या भागात पूर्वी सोयाबीन म्हणजे जेएस ३३५, दुसरं नावच नव्हतं. ते वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं, लवकर येणारं, चांगलंच होतं, वाईट म्हणायचं कारण नाही. पण ऑगस्ट-सप्टेंबरात झड लागली, ऊन पडेना, की पानाच्या मागच्या बाजूला बारीक तपकिरी पुळ्या यायच्या, पान उलटं करून बोट फिरवलं की बोटाला तांबूस पावडर लागायची, आणि मग आठ-दहा दिवसात रान पिवळं होऊन पानं खाली, शेंगा तशाच पोचट. हाच तांबेरा. सांगली, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात याचा त्रास कायमचा, कारण हवाच तशी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर त्याला पटत नाही, कारण त्याचा शत्रू वेगळा, पाऊसच न येणं. आता देशात कुठंतरी लांब वाण तयार करणाऱ्याला आमच्या सप्टेंबरातल्या झडीचं काय पडलंय? त्यासाठी त्या झडीतच बसून वाण काढणारा माणूस लागतो, आणि डिग्रज नेमकं त्या झडीत बसलंय. तिथून आधी फुले अग्रणी आलं, केडीएस ३४४, मग फुले संगम, केडीएस ७२६, त्याच्या पाठोपाठ फुले किमया, केडीएस ७५३. केडीएस मधलं केडी म्हणजे आपलं कसबे डिग्रजच. दुकानात मात्र कुणी फुले बिले म्हणत नाही, "सातशे सव्वीस आहे का?" एवढंच विचारतात. तिन्ही वाणांचा तांबेऱ्यापुढं टिकाव बरा आहे. म्हणजे तांबेरा येतच नाही असं नाही, येतो, पण रान खलास होत नाही.

खरिपाच्या तोंडावर तिथं बियाण्यासाठी गेलो होतो तेव्हाचं ऐका. माझ्या पुढं एक पटकेवाले तात्या उभे होते, त्यांनी थेट विचारलं, "साहेब, सगळ्यात जास्त उतारा कशाचा निघतोय ते द्या, मला बाकी कायबी सांगू नका." समोरच्या माणसानं बियाणं दिलंच नाही, उलट विचारलं, "तात्या, रान कसलं आहे? पाणी तुंबतंय का? मागं काय होतं? पेरणार का एकेक बी हातानं टोकणार?" तात्या जरा चिडलेच, म्हणाले, "अहो पैसे देतोय की, माझ्या रानाची चौकशी कशाला?" मग त्या माणसानं शांतपणे सांगितलं की तात्या, सातशे सव्वीस फांद्या भरपूर करतंय, भारी रानात दाट पेरलं तर नुसतं माजून लोळतंय, तुम्ही टोकणार असाल तरच न्या, आणि रानात पुढं लगेच दुसरं पीक घ्यायचं असलं तर हे तुमच्या जुन्या तीनशे पस्तीसपेक्षा थोडं उशिरा येणार हे आत्ताच ध्यानात धरा. तात्या विचारात पडले आणि शेवटी निम्मीच पिशव्या घेऊन गेले. आता मला सांगा, कुठला दुकानदार स्वतःच्या तोंडानं गिऱ्हाईकाला माल कमी घ्या म्हणतो? मला तरी हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, यांना पिशव्या खपवायच्या नसतात. (अर्थात त्यामुळंच कदाचित यांचा माल खपत नाही तेवढा.)

दुसरा गुण लोक विसरतात. ही सोयाबीनची वाणं सरळ वाणं आहेत, संकरित नाहीत. म्हणजे एकदा चांगलं बियाणं आणलं की पुढचे दोन-तीन हंगाम घरचंच राखून पेरता येतंय, वाण बदलत नाही. कंपनीचा मका घेतला तर दरवर्षी नवी पिशवी घ्यावीच लागते, त्यात वाईट काय नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण ज्या वाणाची पिशवी शेतकरी दुसऱ्या वर्षी विकतच घेणार नाही ते वाण काढायला कोण कंपनी पंधरा-पंधरा वर्षं पगार देऊन माणसं बसवेल? सोयाबीन, हरभरा, ज्वारी, गहू, भुईमूग या पिकांत नवीन काही हवं असेल तर ते आपल्या करातूनच होणार, दुसरा वाली नाही. जळगावच्या केंद्रानं काढलेला भुईमूग जेएल २४, फुले प्रगती, आमच्या आजोबांच्या काळापासून लोक घरचं बी राखून पेरत आलेत, त्याचे विद्यापीठाला किती पैसे मिळाले असतील? काहीच नाही. आणि म्हणूनच ते टिकलं.

पण राखायचं म्हणजे नुसतं पोतं कोपऱ्यात टाकायचं नसतंय. सोयाबीनचं टरफल कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, मळणी यंत्र जोरात फिरवलं की बी दिसायला टणटणीत पण आतला कोंब मेलेला. यंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आसपास ठेवायचे, पोती उंच थप्पी मारून ठेवायची नाहीत, वरून आदळायची तर अजिबात नाहीत. आणि पेरणीआधी उगवण बघायचीच. आमच्याकडं हे खातं आईकडं आहे. ओलं गोणपाट अंथरायचं, दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं, चार-पाच दिवसांनी उघडून मोजायचं. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरे, कमी उगवले तर त्या मानानं बियाणं वाढवायचं, फारच कमी असले तर ते तेल गिरणीला. आई दाणे मोजते तेव्हा घरात कुणी बोललेलं तिला चालत नाही.

विकत घेताना टॅग बघायला शिका, हे मी ओरडून सांगतोय. पैदासकार (म्हणजे वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञाच्या) बियाण्याला पिवळा टॅग, ते विद्यापीठ तयार करतं आणि आपल्यासारख्याला सहसा मिळत नाही, कारण ते पुढं वाढवायला महाबीज, राष्ट्रीय बीज निगम या सरकारी बियाणे महामंडळांकडं जातं. त्याच्यापासून पायाभूत, पांढरा टॅग. त्याच्यापासून प्रमाणित, निळा टॅग. आणि सत्यप्रत म्हणजे हिरवा टॅग, ज्यात विकणारा स्वतः हमी घेतो. नवीन वाण जाहीर झालं की दुसऱ्या वर्षी सगळ्या गावाला का मिळत नाही याचं उत्तर इथं आहे, एकेक पायरी म्हणजे एकेक हंगाम, आणि त्यात पावसानं एक हंगाम घालवला तर अजून एक वर्ष मागं. या मधल्या काळात काय होतंय बघा. तालुक्याच्या गावात एका दुकानात, नाव घेत नाही, मला "डिग्रजचं ओरिजिनल सातशे सव्वीस" म्हणून साधी पांढरी पिशवी दाखवली, ना टॅग, ना लॉट नंबर, वर खताची एक गोणी आणि कसलंतरी टॉनिक घेतल्याशिवाय देणार नाही म्हणाला. म्हटलं टॅग कुठाय? तर म्हणतो, "दादा, विश्वासावर चालतंय सगळं." मी म्हटलं, मग पैसे पण विश्वासावर ठेवा, उगवल्यावर देतो. तिथून निघालो.

आता थोडा इतिहास, कंटाळा येत असेल तर खाली ऊस आहे तिथं उडी मारा. आपल्याकडं शेतीचं शिक्षण सुरू झालं १८७९ मध्ये, पुण्याच्या सायन्स कॉलेजात एक वर्ग म्हणून, आणि १९०७ ला पुण्याचं कृषी महाविद्यालय वेगळं उभं राहिलं. त्या काळी कॉलेज एकीकडं, संशोधनाची केंद्रं सरकारी खात्याकडं आणि शेतकऱ्याला सांगणारी माणसं तिसरीकडं, तिघांची गाठ कधीमधी पडायची. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांचा विषय काढला, मग अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर १९६० ला पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ झालं. कल्पना साधी, शिकवणं, संशोधन आणि ते शेतकऱ्यापर्यंत नेणं ही तिन्ही कामं एकाच छपराखाली. महाराष्ट्रात १९६८ ला स्थापना झाली तेव्हा सगळ्या राज्याला मिळून एकच होतं, महाराष्ट्र कृषी विद्यापीठ. पण विदर्भात अकोल्यासाठी आधीपासून मोठं आंदोलन पेटलेलं होतं, १९६९ ला अकोल्याचं वेगळं झालं, १९७२ ला परभणी आणि दापोली. राहुरीच्या वाट्याला राहिला आपला पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश, आणि नाव पडलं महात्मा फुल्यांचं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, दुष्काळी टापू. शेतकऱ्याच्या पोरानं शिकावं, सरकारनं शेती सुधारावी म्हणून १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून जो माणूस कोरडे ओढत होता त्याचं नाव शेतीच्या विद्यापीठाला आहे, हे मला तरी लई योग्य वाटतं. विद्यापीठाच्या वाणांच्या नावात जे फुले असतंय ते हेच.

चारही विद्यापीठांची वर्षातून एकदा एकत्र बैठक होते, जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, तिथं नवीन वाण, अवजारं, शिफारशी मांडल्या जातात आणि सगळ्यांसमोर किस पाडून मग मंजूर होतात. कंपनीच्या औषधाची बाटली आणि विद्यापीठाची शिफारस यातला फरक हाच, शिफारशीला वर्षानुवर्षांचे आकडे मांडून दाखवावे लागतात, बाटलीला टीव्हीवरचा हिरो पुरतो.

ऊस. आमच्याकडं दुसरं कुणी काही वाचो न वाचो, उसाचं वाचतात. पाडेगावचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे ८६०३२. क्रॉस कोइमतूरचा, को ६२१९८ आणि कोसी ६७१ चा, पण आपल्या रानात वर्षानुवर्षं लावून, खोडवे (तोडलेल्या बुडख्यातून फुटणारा पुढचा ऊस) घेऊन, साखर तपासून १९९६ ला महाराष्ट्रासाठी दिलं ते पाडेगावनं, नाव ठेवलं नीरा. ते नाव कुणाला ठाऊक नाही, शहाऐंशी बत्तीस म्हटलं की शेंबडं पोरगं पण सांगतंय. कारखान्याला साखरेचा उतारा बरा, शेतकऱ्याला टन बरे, खोडवा चांगला, मग आणखी काय पाहिजे? उलट तक्रार अशी की हे इतकं चाललं की बाकीची वाणं लोक बघेनात, आणि एकच वाण सगळीकडं असलं की रोगकिडीला रान मोकळं.

त्याचा झटका २००२ ला बसला. लोकरी मावा, उसाचा रस शोषणारी कीड. राज्यात तो पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्या सांगली जिल्ह्यातच, जुलै महिन्यात. ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, पानाच्या खालून पांढरी लोकर, वरच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी, उसात शिरलं की कपडे पांढरे. लोकांनी फवारण्या केल्या, पण दहा-बारा फूट उसात फवारणार कसं, पाठीवरचा पंप घेऊन माणूस आत गेला की तोच गुदमरायचा. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं की याला खाणारे किडे आपल्याच उसात आहेत, कोनोबाथ्रा नावाची अळी आणि मायक्रोमस, त्यांना वाढवा आणि फवारणी थांबवा. आमचे अण्णा म्हणाले, "किड्याला किडा खाणार आणि आम्ही काय बांधावर बसून बघायचं व्हय?" पण तेच झालं. ज्या रानात अळ्या दिसतील तिथली पानं तुकडे करून आणायची आणि आपल्या उसाच्या पानांना टाचायची, एवढंच काम. विद्यापीठं, कारखाने, बंगळूरचे जैविक नियंत्रणवाले सगळेच त्यात होते, एकट्याला श्रेय देणं बरोबर नाही. पण त्यानंतर मावा आटोक्यात आला आणि आमच्या गावात विनाकारण औषधं मारणं तेवढ्यापुरतं तरी कमी झालं.

दुसरं वाण फुले २६५. हे आमच्या भागासाठी विशेष, कारण कृष्णाकाठाला पाणी पाजून पाजून रानं क्षारपड झालीत, वर पांढरं मीठ फुललेलं दिसतंय, तिथं ८६०३२ रडतंय आणि २६५ उभं राहतंय. टनेज जबरदस्त. पण सुरुवातीला काही कारखाने त्याची नोंदच घ्यायला तयार नव्हते, लवकर तोडलं तर साखर कमी बसते म्हणून. म्हणजे वाण शेतकऱ्याच्या बाजूचं, कारखान्याच्या गैरसोयीचं, आणि मध्ये सापडला शेतकरी. यात वाणाचा दोष किती आणि तोडणीच्या नियोजनाचा किती यावर आमच्या पारावर अजून भांडणं होतात. माझं मत विचाराल तर क्षारपड रान असेल तर डोळे झाकून लावा, पण वय पुरं झाल्याशिवाय तोड घेऊ नका. आणि बेणं, म्हणजे लागणीची कांडी, त्यासाठीच राखलेल्या बेणेमळ्यातलंच घ्या. खोडव्याचं बेणं लावणाऱ्याला विद्यापीठ काय, देवही वाचवू शकत नाही.

आता जतकडं. तिथं ऊस-बिस काही नाही, तिथला प्रश्न एकच, ओल किती दिवस पुरणार. रब्बी ज्वारीत मालदांडी ३५-१, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळची जुनी निवड, अजून लोक सोडत नाहीत, भाकरीची चव आणि कडबा दोन्ही त्याचंच म्हणतात. विद्यापीठाची इथली जी शिफारस मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती म्हणजे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा, फुले रेवती. माझे मेव्हणे पूर्वी सगळ्या रानाला एकच बी पेरायचे, आता पहार घेऊन आधी रान किती खोल आहे ते बघतात, मुरूम कुठं लागतोय ते बघतात आणि तुकड्यातुकड्यानं वाण बदलतात. हे सांगायला एक पैसा लागत नाही, औषध लागत नाही, मशीन लागत नाही. म्हणूनच कुणी दुकानदार हे सांगणार नाही.

डाळिंबात पण तसंच. गणेश पुण्याच्या गणेशखिंडीतला, डॉ. चिमांच्या हातचा, आणि त्या गणेशचा गुल-ए-शाह रेडशी संकर करून त्याच्या पिढ्यांतून निवडत आलेला भगवा राहुरीचा. आटपाडी, जत, माण, फलटणकडं जे लाल डाळिंब गाडीत भरताना दिसतंय ते बहुतेक भगवाच. त्याच्यावर घरं बांधली लोकांनी, जीपा घेतल्या. तेल्या रोग आला की भगवा पण झोपतो, तिथं विद्यापीठाकडं अजून जादूची कांडी नाही, छाटणी, बाग स्वच्छ ठेवणं, बहार बदलणं एवढ्यावरच काम चालतंय.

कृषिदर्शनी. विद्यापीठ दरवर्षी हे जाडजूड पुस्तक काढतं, डायरी म्हणा. प्रत्येक पिकाची लागण, वाणं, खतं, रोग, अवजारं, जनावरं, सगळं. आमच्याकडं ते टीव्हीच्या कपाटात गॅसच्या पुस्तकाशेजारी असतंय आणि त्याच्यावर हळदीचे डाग पडलेत. माहितीला नाव ठेवायला जागा नाही पण वाचायला पेशन्स पाहिजे, भाषा सरकारी आणि सगळं हेक्टरात. आमच्या गावात हेक्टर फक्त सातबाऱ्यावर असतो, बोलताना एकर आणि गुंठा. म्हणजे आडसाली, दीडेक वर्ष रानात राहणाऱ्या उसाला लिहिलंय हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. आता हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणजे एकरी १६० किलो नत्र, युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे झाला साधारण ३५० किलो युरिया, ४५ किलोची गोणी, म्हणजे पावणेआठ गोण्या, आणि ते पण एकदम नाही, लागणीला दहा टक्के, दीड-दोन महिन्यांनी चाळीस, मग परत दहा, आणि मोठ्या भरणीला, म्हणजे उसाला माती चढवताना, उरलेलं चाळीस. हे गणित मी एकदा पेनानं पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, आता भाऊबंद पुस्तक मागायला येतात ते त्या पानासाठीच. पुढच्या आवृत्तीत एकराचा रकाना टाकला तर विद्यापीठाला पुण्य लागेल.

कृषिदूत आणि कृषिकन्यांचं पण सांगतो. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची पोरं-पोरी गावात राहायला येतात, रावे म्हणतात त्या कार्यक्रमाला. बीजप्रक्रिया करून दाखवतात, बुरशीवरचं बोर्डो मिश्रण करून दाखवतात, मागं बॅनर आणि पुढं दहा जण मोबाईल धरून. गावातली म्हातारी माणसं हसतात, "पोरी, चिखलात उतर की जरा" म्हणतात. पण एक सांगतो, आमच्या गल्लीत रायझोबियम या जिवाणू खताचं पाकीट बियाण्याला चोळून सावलीत वाळवून पेरायचं हे पहिल्यांदा बायकांना दाखवलं ते अशाच दोन पोरींनी, आणि बायकांनी ते सोडलं नाही. आमच्या वहिनी तर आता दुकानदाराला पाकिटावरची तारीख विचारतात. त्यामुळं फोटो काढा पोरांनो, पण काम पण करा.

जिथं विद्यापीठ लागलं नाही तेही लिहायला पाहिजे. द्राक्ष. तासगाव, मिरज, पलूस भागातला द्राक्षवाला विद्यापीठाची वाट बघत बसला नाही, त्याचा बागायतदार संघ आहे, मांजरीचं केंद्र सरकारचं द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि तास-ए-गणेश तर तासगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेतून निवडलेलं. ज्या पिकात पैसा भरपूर आहे तिथं शेतकरी स्वतःच शास्त्रज्ञ होतो, जिथं पैसा कमी तिथं विद्यापीठ लागतं, असा माझा तरी हिशोब आहे. आणि चारही विद्यापीठांत जागा रिकाम्या असल्याच्या बातम्या इतकी वर्षं येतायत की आता त्या बातम्या राहिल्या नाहीत. रिटायर झालेल्या पैदासकाराच्या जागी माणूस आला नाही तर त्याच्या हाताखालच्या ओळी, म्हणजे अर्धवट तयार झालेली वाणं, त्यांचं काय होणार? वाण काढायला दहा-पंधरा वर्षं लागतात, मध्येच खुर्ची रिकामी झाली तर त्याचं बिल दहा वर्षांनी आपल्याला येणार. त्यात डिग्रज नदीकाठचं, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीच्या आसपासच्या शिवाराचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

ज्यांना यंदा जायचंय त्यांच्यासाठी, मे मध्येच चौकशी सुरू करा, पाऊस पडल्यावर गेलात तर रिकामे हात घेऊन याल. रान किती, कसलं, निचरा कसा हे नीट माहिती असू द्या, कारण ते विचारणारच. पिशवी फोडली की टॅग कापून बिलाला टाचून ठेवा आणि पिशवीच्या तळाशी मूठभर बियाणं राखून ठेवा, उगवलं नाही तर भांडायला तेवढाच पुरावा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, शेजाऱ्यानं पेरलं म्हणून तर अजिबात नाही.

मी यंदा डिग्रजचंच फुले दुर्वा, केडीएस ९९२, अर्ध्या एकरात बघायचं म्हणतोय, मिळालं तर. कुणी आधी केलं असेल तर काळ्या रानात किती दिवसात काढणीला आलं आणि लोळलं का ते सांगा, आणि उतारा सांगताना वजनकाट्यावरचा सांगा, पारावरचा नको.